इसबगोल व रक्तातील कोलेस्टेरॉल

इसबगोल : एक वर्षायू औषधी वनस्पती. शास्त्रीय नाव प्लँटॅगो ओव्हॅटा, कुल प्लँटॅजिनेसी. हिच्या बियांवरील पातळ, फिकट साल म्हणजे इसबगोलाची भुशी. पाण्यात ती फुगून बुळबुळीत होते. मलावरोधावर ती घरोघरी घेतली जाते. शिवाय रक्तातील कोलेस्टेरॉल थोडे उतरवणारे तंतुपूरक म्हणूनही तिचा अभ्यास झाला आहे.

उत्पादन : भारत हा इसबगोलाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश असून लागवड मुख्यतः गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशात होते.  पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील मंदसौर हा माळव्यातील या पिकाचा एक प्रमुख पट्टा आहे. ‘जवाहर इसबगोल-४’ हे वाण मंदसौरच्या संशोधन केंद्रातून आले. हे रब्बी पीक काढणीच्या वेळी पाऊस झाल्यास हातचे जाते, कारण बी ओले होऊन फुगते व गळते. बियांच्या वजनाच्या सुमारे २५ टक्के भुशी मिळते.

क्रिया : यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. पचनाचे काम झाल्यावर त्यांतील बहुतेक आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. भुशीतील अरॅबिनोझायलान हा तंतू आतड्यात दाट जेल बनवतो व काही पित्ताम्ले अडवून विष्ठेवाटे बाहेर नेतो. ही तूट भरण्यासाठी यकृत रक्तातील एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते. गव्हाच्या कोंड्यातील न विरघळणारे तंतू पोट साफ ठेवतात, पण असे जेल बनवत नाहीत. म्हणून कोलेस्टेरॉलवर त्यांचा फारसा परिणाम दिसत नाही.

पुरावा : कोलेस्टेरॉल काहीसे वाढलेल्या व्यक्तींवरील आठ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२०००) रोज सुमारे १० ग्रॅम भुशीने एलडीएल जवळपास ७ टक्के घटले, एचडीएल (‘चांगले’) कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड हे मेद यांत लक्षणीय फरक पडला नाही. आहारातील विविध तंतूंच्या, हृदयविकार नसलेल्या प्रौढांवरील २३ चाचण्यांच्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात (२०१६) १,५१३ जण होते. या तंतूंमुळे एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सरासरी सुमारे ८ मिलिग्रॅम, तर एलडीएल सुमारे ५ मिलिग्रॅम कमी झाले. हृदयविकाराचे झटके व मृत्यू कमी होतात का, हे मात्र या चाचण्यांनी मोजले नव्हते. म्हणजे निरोगी माणसात परिणाम खरा आहे, पण माफक आहे.

वापर व दक्षता : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये हृदयविषयक दाव्यासाठी इसबगोलातील विद्राव्य तंतूंचे प्रमाण दिवसाला ७ ग्रॅम ठरवले, त्यासाठी सुमारे १० ग्रॅम भुशी लागते. ती थोड्या मात्रेपासून सुरू करावी व प्रत्येक वेळी पेलाभर पाण्यासोबत घ्यावी. कोरडी गिळल्यास घशात अडकू शकते. सुरुवातीस पोट फुगू शकते. इतर औषधांपासून साधारण दोन तासांचे अंतर ठेवावे. गिळण्यास त्रास किंवा आतड्यात अडथळा असणाऱ्यांनी ती घेऊ नये.

डाळी, कडधान्ये, ओट, भाज्या व फळे तंतूंबरोबर प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजेही देतात; म्हणून निरोगी व्यक्तीने आधी आहार सुधारावा आणि कमी पडेल तेथे भुशीची जोड द्यावी. आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल फार वाढले असेल तर मात्र भुशी पुरेशी ठरत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधे तिच्या भरवशावर कधीही बंद करू नयेत.