तौलनिक विकृतिशास्त्राच्या उंबरठ्यावर

पशुवैद्याने माणसाच्या मेंदूत लक्ष घालायचे काय कारण, असे विचारणारे आजही भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा मी १९५९ सालचे एक पत्र पुढे करतो.

विल्यम हॅडलो हे अमेरिकन पशुविकृतिशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्ये कॉम्प्टन येथे मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगाचा अभ्यास करीत होते. स्क्रेपी झालेली मेंढी कुंपणाला अंग घासत सुटते, तिची लोकर झडते, पुढे तोल जातो आणि शेवटी ती दगावते. त्या वर्षी लंडनच्या वेलकम वैद्यकीय संग्रहालयात हॅडलोंनी कुरूवरचे प्रदर्शन पाहिले. कुरू हा पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील फोरे लोकांत, विशेषतः बायकामुलांत, पसरलेला जीवघेणा मेंदूविकार. तिथल्या छायाचित्रांत चेतापेशींमध्ये साबणाच्या फेसासारख्या पोकळ्या दिसत होत्या. मानवी मेंदू तपासणाऱ्यांच्या वाट्याला त्या क्वचितच येत. हॅडलोंना मेंढ्यांमुळे त्या तोंडपाठ होत्या.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील त्या पत्रात दोन्ही रोगांतील साम्य नोंदवून ते थांबले नाहीत. टोचून स्क्रेपी दुसऱ्या मेंढीला देता येतो, मात्र लक्षणे दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात, हे फ्रान्समध्ये १९३६ मध्येच दाखवले गेले होते. तेव्हा कुरूही माकडवर्गीय प्राण्याला टोचा आणि दीर्घकाळ थांबा, असे त्यांनी सुचवले. कुरूचे संशोधक गाजडुसेक आणि गिब्ज यांनी १९६३ मध्ये चिंपांझींना कुरू टोचला. सुमारे दोन वर्षांनी ते चिंपांझी आजारी पडले. १९७६ मध्ये गाजडुसेक यांना नोबेल मिळाले. हॅडलोंचे नाव या क्षेत्राबाहेर फारसे कुणी घेत नाही, हे मला खटकते.

मात्र पोकळी दिसली की रोग, असे समीकरण मांडू नका. निरोगी मेंढीच्या मेंदूतही एखाददुसरी पोकळी सापडते. पोकळ्या किती आणि मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात, यावर सारे अवलंबून. १९८६ मध्ये ब्रिटनमधील गायींच्या मेंदूत त्या आढळल्या, तेव्हा स्क्रेपीशी असलेले नाते पशुविकृतिशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटले नाही. दहा वर्षांनी गायींचा तो रोग माणसापर्यंत पोहोचल्याची घोषणा झाली.

रोग ओळखायचा तर निरोगी मेंदू आधी ओळखीचा हवा. म्हणून या पुस्तकाची सुरुवात प्रायॉनपासून, म्हणजे हे रोग घडवणाऱ्या प्रथिनापासून, केलेली नाही. प्रायॉनची कल्पना मांडणारे प्रुसिनर बरेच उशिरा भेटतील. पहिली प्रकरणे निरोगी मेंदूंची आहेत: मेंढी, गाय, कुत्रा, माणूस. मानवी वैद्यकाकडून आला असाल तर मेंढीपाशी जास्त रेंगाळा, पशुवैद्यकाकडून आला असाल तर माणसापाशी.