सिगारेट सुटली, पानठेल्याचे काय?

सिगारेट सोडण्याचे मुहूर्त ठरलेले आहेत. गुढीपाडवा, एक जानेवारी, ३१ मेचा जागतिक तंबाखूविरोधी दिन, नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी छातीत कळ आली तो दिवस. सुटलेली सिगारेट पुन्हा सुरू होण्याला मात्र मुहूर्त लागत नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात एखादा जुना मित्र भेटतो, 'घे नं बे, एकानं काय होते?' असे सहज म्हणतो आणि तीन आठवड्यांचा निश्चय पाच मिनिटांत धुरात विरतो. सिगारेट कशी सोडावी याविषयी पुष्कळ लिहिले जाते. सोडल्यानंतरचे दिवस कसे काढावेत याविषयी त्या मानाने फारच थोडे. आणि वऱ्हाडात तर या दिवसांना एक वेगळाच धोका असतो, त्याकडे पुढे येऊ.

आधी शरीराचे पाहू. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे नेहमी ओढणाऱ्याला शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांतच अस्वस्थ वाटू लागते. दुसरा आणि तिसरा दिवस बहुतेकांना सर्वांत कठीण जातो. चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, सतत भूक, बद्धकोष्ठता, कधी तोंड येणे, असा हा सारा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. काहींचा खोकला आधी वाढतो. 'सिगारेट होती तेव्हा बरा होतो' अशी तक्रार घेऊन माणसे याच वेळी परत फिरतात. वास्तविक तो खोकला फुफ्फुसांची साफसफाई पुन्हा सुरू झाल्याचे लक्षण असू शकतो. अर्थात, तो काही आठवड्यांहून अधिक टिकला किंवा थुंकीत रक्त दिसले तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

घरच्यांनीही हे दिवस ओळखून असावे. एरवी शांत असणारा गृहस्थ भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवतो, तेव्हा 'त्यापेक्षा तुमचा धूरच बरा होता' हे वाक्य ओठांवर येते. ते गिळावे. ते विनोदाने म्हटले जाते, पण ऐकणाऱ्याला ती परवानगी वाटते.

एक बाब फारशी कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफिनचा निचरा भराभर करीत असते. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहातून शरीरात अधिक कॅफिन साठू लागते. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि दोष जातो सिगारेट सोडण्याला! दिवसाला सहा-सात कप चहा घेणाऱ्याने पहिल्या पंधरवड्यात तो निम्म्यावर आणावा. दम्यासाठी थिओफिलिनसारखे औषध घेणाऱ्यांनी सिगारेट सोडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्याच कारणाने त्या औषधाची मात्रा कमी करावी लागू शकते.

तल्लफ पाच मिनिटांची

शरीराची ओढ संपली तरी मनाची ओढ उरते आणि तिला तल्लफ म्हणतात. तिचा स्वभाव समजून घेतला तर तिची भीती निम्मी होते. तल्लफ येते, चढते आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत उतरते. ती सिगारेट ओढल्यानेच उतरते हा आपला समज. न ओढताही ती उतरतेच. प्रश्न एवढाच की ती पाच मिनिटे आपण कुठे असतो आणि हाताला काय काम असते.

म्हणून मनोनिग्रहावर फार भिस्त ठेवू नये. जागा आणि वेळा ओळखून ठेवणे अधिक उपयोगी. अमरावती आणि अकोला यांच्यामध्ये रोज अप-डाऊन करणाऱ्या नोकरदाराचेच उदाहरण घ्या. बडनेऱ्याला गाडीची वाट पाहताना एक, अकोल्याला उतरल्यावर स्थानकाबाहेर एक, जेवणाच्या सुटीत सहकाऱ्यांबरोबर एक, परतीची गाडी उशिरा असली तर दोन. त्याची सिगारेट निकोटिनला जितकी बांधलेली असते तितकीच या वेळापत्रकाला. त्याने पहिला महिनाभर स्थानकाबाहेर पडण्याचा रस्ता बदलावा, जेवणानंतर पानठेल्याकडे न जाता दुसऱ्या दिशेने शतपावली घालावी, आणि गाडी उशिरा आहे असे कळताच कुणाला तरी फोन लावावा. वाचताना हे क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात सिगारेट पुन्हा सुरू होते ती अशाच क्षुल्लक जागी.

खिशात काय ठेवावे? बडीशेप, लवंग, भाजलेले जवस, फुटाणे. पाणी घोटाघोटाने प्यावे. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, हे वेगळे सांगायला नको. वजन वाढण्याची भीती खरी आहे, वर्षभरात चार-पाच किलो वाढणे सर्रास दिसते. म्हणून तोंडात टाकायला पेढे-बिस्किटे नकोत. मात्र एवढ्या वजनाने होणारे नुकसान धुराच्या नुकसानीपुढे किरकोळ असते. आणि सुपारी तर अजिबात नको. ती का नको, हे सांगताना मघाचा वेगळा धोका येतो.

खर्ऱ्याची पळवाट

वऱ्हाडातील पानठेल्यावर सिगारेटच्या पाकिटांशेजारी खर्ऱ्याची पुडी असते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेले हे मिश्रण. सिगारेट सोडलेला माणूस त्याच ठेल्यावर, त्याच मित्रांत उभा राहतो आणि 'धूर तर नाही ना' म्हणत खर्ऱ्याकडे वळतो. घरी वास येत नाही, ऑफिसात चालते, खर्च कमी. काही दिवसांनी तो अभिमानाने सांगतो, 'सिगारेट सोडली, आता फक्त खर्रा.'

हे सोडणे नव्हे, ठेल्यावरची बरणी बदलणे होय. निकोटिन तेच, गुलामी तीच. शिवाय सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केला आहे. तोंडाच्या आतील त्वचा आखडत जाऊन तोंड पुरते उघडेनासे होण्याचा विकार सुपारीमुळेच होतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे, घासणारे वा हुंगणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे धुरातून बाहेर पडणाऱ्याच्या चहूबाजूंनी खाणाऱ्यांचा मेळा असतो. इतर देशांत सिगारेट सोडणाऱ्यासाठी लिहिलेली पुस्तके या मेळ्याविषयी फारसे बोलत नाहीत.

कायदा आहे. राज्यात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकण्यासही राज्य सरकारने मनाई केली. ही दुसरी मनाई सोडलेल्या माणसाच्या दृष्टीने फार मोलाची, कारण त्याचा तोल जातो तो पाकिटावर नव्हे, एका सुट्या सिगारेटवर. पण चौकाचौकांत ती सुटी मिळतेच, हे वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा कायद्याच्या भरवशावर न राहता पहिले तीन महिने ठेल्यावर उभेच राहायचे नाही, असा नियम स्वतःला घालणे शहाणपणाचे. मित्र सोडायची गरज नाही. भेटीची जागा मात्र बदलावी. विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यात २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' हा दारू आणि तंबाखूविरोधी कार्यक्रम सुरू झाला, त्यात व्यसनी व्यक्तीच्या उपचाराबरोबर गावातील विक्री थांबवण्यावरही भर देण्यात आला. भोवताल तसाच ठेवून एकट्याच्या निश्चयाकडून फार अपेक्षा करता येत नाही, हेच त्यामागचे तत्त्व. शहरात सारा चौक बदलणे आपल्या हाती नसते. आपला रस्ता बदलणे असते.

उमेद टिकवण्याचा एक मार्ग याच मातीतला आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. सोडणाऱ्यानेही स्वतःला तसे विचारावे आणि उत्तर कागदावर लिहून खिशात ठेवावे. कुणासाठी सोडली? जिना चढताना दम लागत होता की नाही? रोजचे शंभर रुपये म्हणजे वर्षाचे साडेछत्तीस हजार कुठे जात होते? 'आरोग्यासाठी' असे मोघम उत्तर तल्लफेपुढे टिकत नाही. 'मुलीच्या लग्नात धाप न लागता उभे राहायचे आहे' हे टिकते. निश्चय चार माणसांत बोलून दाखवावा, म्हणजे मित्राने पाकीट पुढे करताच 'नाही बाप्पा, सोडली म्या' एवढे म्हणून विषय संपवता येतो. कारणे देत बसले की वाद सुरू होतो, आणि वादात ठेल्यावरची मंडळी नेहमीच सरस ठरतात.

तरीही चूक झाली तर? लग्नाची वरात, हुरड्याची रात्र, मद्याचा पेला, आणि एक सिगारेट ओढली गेली. (मद्यासोबतचा निश्चय फार कच्चा असतो, पहिले काही महिने ते टाळणेच बरे.) अशा वेळी 'आता सगळेच गेले' असे म्हणून दुसऱ्या दिवशी पाकीट घेणारेच खरे हरतात. एक ओढली म्हणजे मागचे चाळीस दिवस पुसले जात नाहीत. कुठे, कुणाबरोबर, कोणत्या मनःस्थितीत ओढली हे लिहून ठेवावे आणि एक्केचाळिसावा दिवस मोजावा.

नुसत्या निश्चयावर, कोणत्याही मदतीशिवाय वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच असतात. त्यामुळे औषधाची मदत घेण्यात कमीपणा नाही. निकोटिनचा च्युइंग गम औषधांच्या दुकानांत मिळतो, पण तो चुकीचा चघळला जातो. थोडा चघळून तोंडात झिणझिणले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा, झिणझिण ओसरली की पुन्हा थोडा चघळायचा, असे अर्धा तास. सतत चघळल्यास निकोटिन पोटात जाते आणि उचक्या, मळमळ यांखेरीज काही हाती लागत नाही. चहा, कॉफी किंवा आंबट फळे घेतल्यावर पंधरा मिनिटे तो काम नीट करीत नाही. वरूड-मोर्शीची संत्री तल्लफेवर चांगला उतारा, पण गमबरोबर नको. बुप्रोपिऑन आणि व्हरेनिक्लिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. फिट येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही. ई-सिगारेटच्या वाटेला जाऊ नये. तिच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे. दोन-तीन आठवडे उलटूनही उदासपणा हटत नसेल तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक २०१६ मध्ये सुरू झाला. सप्टेंबर २०१८ पासून तो सिगारेटच्या पाकिटावरच छापला जातो. पाकीट फेकण्यापूर्वी तो आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण त्याची गरज पाकीट फेकल्यानंतरच अधिक लागते.