अक्षर, अंगण आणि अ‍ॅप : बालशिक्षणाच्या साधनांची गोष्ट

१/ बोट लावताच 'अ' उजळतो, अननस नाचतो, टाळ्या वाजतात. शाळेत न गेलेल्या मुलांसाठीची शैक्षणिक अ‍ॅप्स ही अवघ्या दीड दशकातली गोष्ट. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र पुष्कळ जुना आहे : लहान मुलाला साधन शिकवते, की साधनाशेजारी बसलेले माणूस? या प्रश्नाचा इतिहास पाहू. #थ्रेड

२/ १८३७ साली जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली. १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव मिळाले. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, दंडगोल ही त्यांची साधने. त्यांना ते 'भेटी' म्हणत. पण १८४४ साली त्यांनी आईने मुलासोबत म्हणायच्या गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे पुस्तकही काढले. ठोकळ्यांना आईची जोड हवी, हे त्यांनी ओळखले होते.

३/ ६ जानेवारी १९०७. रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले 'बालगृह' सुरू झाले. खरखरीत कागदाची अक्षरे मुलाने बोटाने गिरवायची. लाकडी दट्ट्या चुकीच्या खाचेत बसत नाही, म्हणून चूक मुलाला स्वतःच उमगते. शाबासकी नाही, बक्षीस नाही. शिक्षिका मागे सरते, पण तिचे लक्ष मुलावरून हटत नाही.

४/ ही पद्धत भारतात रुजवली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. अडचण होती ती साधनांच्या किमतीची. घडीव लाकडी संच खेड्याला परवडणार कसा? १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली.

५/ १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द भारतभर पोहोचला. शिंपल्यांनी खर्च वाचवला. बाईंची जागा मात्र शिंपल्यांना घेता आली नाही.

६/ आता पडद्याकडे. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये जोन गँझ कूनी यांच्या घरी जेवणाच्या वेळी लॉइड मॉरिसेट यांनी विचारले : दूरचित्रवाणी लहानांना शिकवू शकेल का? त्यातून १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाले. त्यात मोठ्यांसाठीही विनोद पेरले होते, ते हेतुपूर्वक : आईबाप हसायला बसले, तर मुलाशेजारी बसतील!

७/ शेजारी बसल्याने फरक पडतो का? २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपैकी काहींशी प्रत्यक्ष माणसे बारा बैठकांत मँडरिन बोलली. काहींना तेच बोलणे डीव्हीडीवर दाखवले. पहिल्या गटाला त्या भाषेचे ध्वनी ओळखता येऊ लागले. पडदा पाहणाऱ्या गटाला काहीच लाभ झाला नाही.

८/ जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर उघडले; एप्रिल २०१० मध्ये आयपॅड आला. माउस आणि कळफलक हे लहान हातांना अवघड. काचेवर बोट फिरवणे सोपे. साधन प्रथमच मुलाला उत्तर देऊ लागले. आणि मोठ्या माणसाला प्रथमच वाटू लागले, की आता आपण उठून गेलो तरी चालेल.

९/ २०१३ मध्ये अ‍ॅप स्टोअरमध्ये मुलांसाठी स्वतंत्र दालन झाले. पण 'शैक्षणिक' ही पाटी कोणीही लावू शकत होते. २०१८ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी पाच वर्षांखालील मुलांची १३५ अ‍ॅप्स तपासली; ९५ टक्क्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात जाहिरात आढळली. मॉन्टेसरींनी बक्षीसही वर्ज्य मानले होते. येथे तर खेळाच्या मध्येच दुकान थाटलेले.

१०/ मग चांगले अ‍ॅप कोणते? २०१५ मध्ये कॅथी हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी चार कसोट्या मांडल्या : मुलाचे मन कृतिशील राहते का, लक्ष विचलित न होता गुंतते का, शिकलेले त्याच्या जगण्याशी जुळते का, आणि माणसांशी देवाणघेवाण घडते का. नीट पाहिले तर चारही कसोट्या कोसबाडच्या अंगणात आधीच पार पडलेल्या दिसतात.

११/ मार्च २०२० मध्ये अंगणवाड्यांची दारे बंद झाली. गाणी, गोष्टी, चित्रे पालकांच्या फोनवर येऊ लागली. जेथे फोन एकच आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, तेथे हे अंगणही दिवसभर बंदच राहिले. फोन असणे आणि फोनसोबत वेळ असलेले माणूस असणे, या दोन वेगळ्या श्रीमंती आहेत.

१२/ म्हणून अ‍ॅपला शत्रू मानण्याचे कारण नाही. ठोकळा, खरखरीत अक्षर, शिंपला यांच्याच कुळातले ते साधन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, आणि तीही 'कमी असेल तितके बरे' अशी. त्या तासात 'हा अननस आपण कुठे पाहिला रे?' असे विचारणारे कोणी शेजारी आहे का, एवढेच पाहायचे.

तुमच्या बालवाडीत कोणती साधने होती? जरूर लिहा. थ्रेड आवडल्यास घरात लहान मूल असलेल्यांपर्यंत पोहोचवा.