‘इंडियन’ डिफेन्समधला इंडियन कोण?

#धागा

मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना चार-दोन खेळ्या होतात न होतात तोच पटाखाली नाव उमटते: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन. यांतील ‘इंडियन’ म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. उत्तर शोधताना वाट आपल्या दारावरूनच जाते.

आजचा बीड परिसर एकेकाळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाचे स्वतंत्र वर्णन आहे. पुढे सोळाव्या शतकात गोदावरीपलीकडच्या पैठणहून रामेश्वरभट्ट काशीला गेले. त्यांचे पणतू नीलकंठभट्ट हे सतराव्या शतकातील मोठे धर्मशास्त्रकार. त्यांच्या ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ भागात राजनीतीच्या जोडीने बुद्धिबळही येते. धर्मशास्त्राच्या पोथीत सोंगट्या! आपल्या पूर्वजांना त्यात काही वावगे वाटले नाही.

मात्र हा खेळ आजच्यासारखा नव्हता. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चाले. आजचे ‘कॅसलिंग’ नव्हते. त्याऐवजी राजाला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळे. एकटा राजा उरला की बुर्जी, आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. १८१४ साली, पेशवाईच्या अखेरच्या पर्वात, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत मुंबईत छापले गेले. डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत, असे त्याच्या शीर्षकातच नमूद आहे. म्हणजे दोन पद्धतींची गाठ तेव्हाच पडू लागली होती.

आता त्या एका घराच्या चालीकडे पाहू. प्यादी दोन घरे झेपावत नसतील, तर पटाचा मध्य पहिल्याच झटक्यात बळकावता येत नाही. मग खेळाडू काय करतो? घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवतो, त्या खोबणीत उंट बसवतो आणि लांब तिरक्या रेषेवरून मध्यावर नजर ठेवतो. शत्रूला मध्यात येऊ द्यायचे आणि मग त्याच्या प्याद्यांवर घाव घालायचा. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय खेळाडूंना हे भित्रेपणाचे वाटे. त्यांची श्रद्धा मध्यातील प्याद्यांवर आणि सरळ हल्ल्यावर होती.

कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, त्या काळातील अव्वल खेळाडूंपैकी एक. त्याची गाठ बंगालच्या खेड्यातून आलेल्या महेशचंद्र बॅनर्जींशी पडली. दोघे युरोपीय नियमांनी शेकडो डाव खेळले. नियम बदलले, पण महेशचंद्रांचा हात बदलला नाही. काळ्या सोंगट्या घेतल्या की तेच घोड्यापुढचे प्यादे, तोच कोपऱ्यातला उंट.

१८५५च्या एका डावात कॉक्रेनने चार प्यादी छातीठोकपणे पुढे काढली. आज याला किंग्ज इंडियनचा ‘फोर पॉन्स अटॅक’ म्हणतात. महेशचंद्रांनी मध्यातल्या एका प्याद्यासाठी घोडा दिला, आणि थोड्याच वेळात आपला वजीरही मरू दिला. कॉक्रेनने तो घेतला. दरम्यान महेशचंद्रांचे एक प्यादे घोडा मारून थेट पांढऱ्याच्या दुसऱ्या ओळीत पोहोचले होते, आणि पुढच्याच खेळीत त्यांच्या उंटाने कॉक्रेनचाही वजीर उचलला. महेशचंद्र जिंकले. चिकित्सक म्हणतील की बलिदान पूर्ण निर्दोष नव्हते. नसेल, पण पटावर ते एकदा मांडून पाहा.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या डावात त्यांनी उंट कोपऱ्यात बसवण्याच्या बेतासोबतच वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले आणि नंतर बाजूने मध्यावर प्रहार केला. हा डाव ते हरले. पण ही मांडणी आज ‘ग्रुनफेल्ड’ म्हणून ओळखली जाते. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तिच्या बळावर व्हिएन्नात अलेखिनला हरवले ते १९२२ साली, म्हणजे ६७ वर्षांनंतर. नाव त्याचे लागले.

१९२०च्या दशकात निम्झोविच, रेटी, टार्टाकोवर प्रभृतींनी मध्यावर दुरून ताबा ठेवण्याचा विचार शास्त्र म्हणून मांडला, तेव्हा या बचावांना ‘इंडियन’ हे विशेषण रूढ झाले. फांद्या अनेक आहेत. उंट राजाच्या बाजूला बसला तर किंग्ज इंडियन. वजिराच्या बाजूला बसला तर क्वीन्स इंडियन. आणि उंटाने पुढे जाऊन पांढऱ्याचा घोडा जखडला तर निम्झो-इंडियन. किंग्ज इंडियनला खरी प्रतिष्ठा दिली ती पुढे ब्रॉनस्टीन आणि बोलेस्लाव्स्की या सोव्हिएत खेळाडूंनी. विशेषण राष्ट्राचे आणि नाव युरोपीयाचे, अशी ही वाटणी मला कायम खटकते.

देशी पद्धतीत घडलेला शेवटचा थोर खेळाडू म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. त्याने ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकले. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांकाला हरवले, तो डाव क्वीन्स इंडियनचाच. पांढऱ्या सोंगट्या घेऊन सुलतान खानने त्यात वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे हळूच एक घर सरकवले. काळ्याच्या उंटाला पुढे येऊ न देण्याची ही युक्ती आज ‘पेट्रोसियन पद्धत’ म्हणून शिकवली जाते. तो डाव झाला तेव्हा तिग्रान पेट्रोसियन अवघा दीड वर्षाचा होता.