वियोगताण व चिंताशामक औषधे

आई व भावंडांपासून एकटे पडलेल्या पिल्लाच्या शरीरात आणि वागण्यात होणारी खळबळ म्हणजे वियोगताण. ओरडणे ही तिची सहज मोजता येणारी खूण. कुत्र्याचे पिल्लू केकाटते, कोंबडीचे पिल्लू चिवचिवत राहते. उंदराच्या पिल्लाची हाक मात्र माणसाला ऐकू येत नाही. ती सेकंदाला सुमारे ४०,००० कंपनांची, म्हणजे श्राव्यातीत असते. मादीला ती ऐकू येते आणि ती पिल्लू उचलून घरट्यात आणते. या हाका जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत भरपूर असतात, पुढे ओसरतात.

डायाझेपाम, क्लोरडायाझेपॉक्साइड यांसारखी बेंझोडायाझेपाइन गटातील औषधे दिल्यास हाका घटतात. चिंता वाढवणाऱ्या पेंटिलीनटेट्राझोलने वाढतात. १९८० नंतरच्या दशकात हे निष्कर्ष आले आणि नवी चिंताशामके पारखण्यासाठी ही चाचणी रूढ झाली. बेंझोडायाझेपाइन औषधे मेंदूतील ‘गाबा’ या द्रव्याचा ग्राहींवरील परिणाम वाढवतात. सेरोटोनिनवर काम करणारी काही औषधेही हाका कमी करतात.

पण पिल्लू गप्प झाले म्हणजे त्याची भीती गेली, असे धरता येत नाही. औषधाने गुंगी आली, अंग सैल पडले, तरी आवाज बंद होतो. शिवाय थंडी हे हाकांचे मोठे कारण आहे. ऊब दिली की हाका औषधावाचूनही कमी होतात. संशोधक मार्क ब्लमबर्ग यांनी तर या ध्वनीला रडणे म्हणण्यावरच आक्षेप घेतला. गारठलेल्या शरीरात रक्ताभिसरण टिकवण्याच्या धडपडीतून तो उपउत्पादनासारखा निघत असावा, असे त्यांचे म्हणणे. हाका मोजणाऱ्या प्रत्येक प्रयोगात म्हणूनच तापमान आणि हालचाल यांची नोंद हवी.

नेड केलिन व स्टीव्हन शेल्टन यांचा १९८९ मधील ऱ्हिसस माकडांच्या पिल्लांवरील प्रयोग हाक आणि भीती यांच्या नात्याबाबत फार बोलका आहे. एकटे ठेवल्यावर पिल्लू आईला साद घालते. अनोळखी माणूस नजर न भिडवता समोर उभा राहिला तर थिजते. त्याने रोखून पाहिले तर भुंकल्यासारखे ओरडते. डायाझेपामने थिजणे व भुंकणे कमी झाले, साद मात्र फारशी बदलली नाही. ती मॉर्फिनने घटली. त्याआधी १९७८ मध्ये याक पँकसेप व सहकाऱ्यांना मॉर्फिनच्या अल्प मात्रेने कुत्र्यांची पिल्ले शांत होताना दिसली होती. तेव्हा धोक्याची भीती आणि आई दुरावल्याची तळमळ या दोन्हींमागे मेंदूतील एकच यंत्रणा मानणे चूक ठरेल.

पिल्लांवर ही औषधे वापरताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: नवजात उंदरांना बेंझोडायाझेपाइनची मोठी मात्रा दिल्यास वाढत्या मेंदूतील पेशी मरतात, हेही दिसून आले आहे.

प्रयोगशाळेबाहेर, पाळीव कुत्र्यांच्या वियोगचिंतेसाठी अमेरिकेत क्लोमिप्रामीनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटीनला २००७ मध्ये मान्यता मिळाली. ही दोन्ही औषधे वर्तन-प्रशिक्षणाच्या जोडीने द्यायची असतात.