दोघी सख्यांची ऐतिहासिक कादंबरी

स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असे आमच्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी विषय सुचवला आणि त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "लिहा, पण सर्वांना समजेल असे लिहा." म्हणून आरंभीच सांगून टाकते. ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवर किंवा एका पुरुषाचे दुसऱ्या पुरुषावर प्रेम असते, त्यांच्याविषयी हा लेख आहे. इंग्रजीत त्यांना मोठा वाचकवर्ग आहे. प्रेम आजच्या काळातही रंगवता येते. मग वाचकांना शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचाच काळ का हवासा वाटावा? एका कादंबरीची हकिकत सांगितली म्हणजे हे पुष्कळसे उलगडेल.

अमेरिकेतील कूपर्सटाउन गावी लोककलेचे एक संग्रहालय आहे. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत अल्मा रौटसाँग ही लेखिका आपल्या मैत्रिणीसह तेथे गेली असता तिने मेरी ॲन विल्सन नावाच्या चित्रकर्तीचे एक चित्र पाहिले. शेजारी थोडीशी माहिती होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही बाई मिस ब्रंडेज नावाच्या सखीबरोबर न्यूयॉर्क राज्यातील ग्रीन परगण्यात येऊन राहिली. ओंडक्यांचे घर, एक शेती करी, दुसरी चित्रे काढी. रंग कसले, तर रानफळांचा रस आणि विटांची पूड! चित्रे शेजारीपाजारी विकली जात. तिची सुमारे वीस चित्रे आज उरली आहेत.

एवढाच काय तो इतिहास. आपल्या बखरींतून बायकांच्या वाट्याला किती ओळी येतात, हे आपण जाणतोच. 'स्वामी' वाचताना रमाबाई डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या कादंबरीकाराने मधली रिकामी जागा भरून काढली म्हणून. रौटसाँगने तेच केले. १८१६ सालच्या कनेक्टिकटमध्ये तिने पेशन्स ही चित्रे काढणारी, सुस्थितीतील तरुणी आणि सेरा ही गरीब शेतकऱ्याची मुलगी उभी केली. सेराच्या बापाला मुलगा नाही, म्हणून त्याने तिलाच मुलासारखे वाढवून हाती कुऱ्हाड दिली. घरच्यांना सुगावा लागतो, ताटातूट होते, सेरा पुरुषवेषात वाट धरते, आणि अखेर दोघी ग्रीन परगण्यात जमीन घेऊन संसार थाटतात. सरपण, गाय, बियाणे, जमिनीचे मोल, भावाकडून वाटणीचे पैसे कसे मिळवायचे, हे सारे त्यात इतके नेमके येते की आपल्यासारख्या संसारी बायकांना ते प्रेमाच्या प्रसंगांइतकेच धरून ठेवते. मला तरी ठेवले!

त्या दोघी सुखाने नांदतात, हेही मोठेच अप्रूप होते. १९५२ साली अमेरिकेत निघालेल्या 'स्प्रिंग फायर' या कादंबरीच्या लाखो प्रती खपल्या. पण शेवट सुखाचा केला तर टपालखाते पुस्तके अडवील, असे लेखिकेला संपादकाने आधीच बजावले होते. मग त्यातली एक वेडी होते आणि दुसरी म्हणते, माझे तिच्यावर प्रेम नव्हतेच. अशा गोष्टी वाचून ज्यांनी स्वतःविषयी मत बनवले असेल, त्यांच्या हाती दीडशे वर्षांपूर्वीची पेशन्स आणि सेरा आली, म्हणजे काय वाटले असेल! हे आजकालचे खूळ आहे असे म्हणणाऱ्या सुनावणाऱ्यांपुढे ठेवायला त्यांना पूर्वजा मिळाल्या, मग त्या निम्म्या कल्पनेतल्या का असेनात.

रौटसाँगने १९६९ मध्ये 'अ प्लेस फॉर अस' या नावाने पदरच्या पैशांनी हजार प्रती छापल्या आणि 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' या स्त्रियांच्या संस्थेच्या बैठकांतून स्वतः विकल्या. (आपल्या मंडळाच्या मसाल्याच्या पुड्याही अशाच खपतात.) स्वतःचे नाव मात्र तिने घातले नाही, इझाबेल मिलर हे टोपणनाव घेतले. १९७१ साली पुस्तकाला अमेरिकन ग्रंथालय संघटनेतील एका गटाचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी मॅकग्रॉ-हिल या मोठ्या प्रकाशनाने ते 'पेशन्स अँड सेरा' या नावाने काढले.

आपल्याकडे विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या मित्राची शोकांतिकाच होते. सर्वोच्च न्यायालयाने असे प्रेम गुन्हा नाही असा निर्णय दिला, तो २०१८ मध्ये.

हा लेख मी आमच्या शेजारच्या काकूंना वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारले, "अगं, पण त्या खऱ्या दोघींचे पुढे काय झाले?" ब्रंडेज आधी गेली. विल्सनला ते दुःख सोसवले नाही; ती तेथून निघून गेली आणि तिचा पुढे मागमूस लागला नाही. कादंबरी तिथवर जात नाही. नव्या घरात त्यांचा संसार नुकता मांडला जातो, तिथेच ती थांबते. काकूंनी पुस्तक मागून घेतले आहे. इंग्रजी जड गेले तर दुपारी मी वाचून दाखवायचे ठरले आहे.