कोंबडी वाचते ती दारामुळे

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय कोंबडीचा आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

आपल्या भागात सध्या कोंबड्या जाण्याच्या तक्रारी वाढल्यात. कुणाच्या सात गेल्या, कुणाचं अख्खं खुराडं एका रात्रीत रिकामं झालं. कुणी मुंगसाचं नाव घेतं, कुणी कोल्ह्याचं, तर कुणी थेट बिबट्याचं. एका ग्रामसभेत ‘वनखात्याने या जनावरांचा बंदोबस्त करावा’ अशी मागणी झाली. ती माझ्या वहीत आहे, आणि तिच्याखाली सभेनंतर चहाच्या टपरीवर ऐकलेलं एक वाक्यही आहे : ‘मेलेल्या कोंबडीत औषध भरून ठेवायचं, दोन दिवसांत सगळं साफ.’

हे ‘सगळं साफ’ प्रकरण माणसाने याआधी बऱ्याचदा करून पाहिलंय. त्याचं काय झालं, तेवढं आज सांगतो.

सुरुवात कोंबडीपासूनच करू. आपल्या गावठी कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातल्या जंगलातला तांबडा रानकोंबडा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीलायक हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली आहेत, इ.स.पूर्व १६५० ते १२५० या काळातली. भाताची शेती आली, खळ्यावर दाणे सांडायला लागले, त्या दाण्यांच्या मागे हा पक्षी माणसाजवळ आला, असं हे संशोधक म्हणतात. यात आपल्या मातीचाही वाटा आहे. पुष्कळ कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. तो गुण तांबड्या रानकोंबड्याचा नाही, सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात राहणाऱ्या राखी रानकोंबड्याचा आहे. २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून ते पुढे आलं.

रानकोंबडा रात्री झाडावर बसतो. अंधारात त्याला फारसं दिसत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत उंच फांदी गाठायची, हाच त्याचा बचाव. माणसाने त्याला खाली आणलं, अंगाने जड केलं आणि त्याची फांदी काढून घेतली. अंधारात न दिसणं मात्र तसंच राहिलं. म्हणून तिन्हीसांजेला कोंबडी आपल्या पायाने घराकडे येते. तिथून पुढची जबाबदारी आपली असते. कोंबडी पाळणं म्हणजे तिच्याशी झालेला हा करारच आहे : अंडी तू द्यायचीस, फांदी मी द्यायची.

ही फांदी म्हणजे खुराडं. आपल्याकडे कुठे ते दगडमातीचं, ओट्याखालचं, पुढे फळी लावून बंद करायचं, तर कुठे बांबूचं डालगं पालथं घालून वर दगड ठेवायचा. ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण आपण भाषणात वापरतो ती राजकारणासाठी. पण ‘झाकलं’ या शब्दाकडे बघा. रोज संध्याकाळी कोंबडं झाकायचं, ही घराघरातली इतकी नेहमीची गोष्ट होती की तिची म्हण झाली.

आपल्यासारखंच इतरांनीही केलं. रोमचा व्हॅरो हा विद्वान वयाच्या ऐंशीव्या वर्षी, इ.स.पूर्व ३७ मध्ये, शेतीवर पुस्तक लिहायला बसला. त्यात कोंबड्यांच्या घराबद्दल तो सांगतो की खिडकीला डहाळ्यांची विरळ विणलेली जाळी असावी, म्हणजे उजेड आत येईल, पण कोंबड्यांना इजा करणारं काही आत येणार नाही. दोन हजार वर्षं झाली, यात बदलण्यासारखं काही नाही.

बदललं ते साहित्य. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विच गावच्या चार्ल्स बर्नार्डने कापड विणायच्या यंत्रावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणणारं यंत्र बनवलं. आपण जिला ‘कोंबडी जाळी’ म्हणतो ती षटकोनी घरांची पातळ जाळी तिथून आली. स्वस्त, हलकी, कात्रीने कापता येणारी. पण तिची एक मेख आहे. ती कोंबडी आत ठेवायला चांगली, शिकारी बाहेर ठेवायला कमजोर. कुत्रं ती दाताने फाडतं. मुंगूस मोठ्या घरातून आत शिरतं. अमेरिकेत परसात कोंबड्या पाळणाऱ्यांची गाठ स्कंक आणि रॅकून या प्राण्यांशी पडते. स्कंक जमीन उकरून खालून येतो आणि अंडी-पिल्लं खातो. रॅकून हाताने साधी कडी उघडतो आणि जाळीतून पंजा घालून कोंबडी ओढतो. म्हणून तिकडचे जाणकारही आता हेच सांगतात : अर्ध्या इंचाची जाड जाळी लावा, ती जमिनीत गाडा, कडीला खिट्टी घाला.

हा झाला दार लावणाऱ्यांचा इतिहास. आता ‘सगळं साफ’वाल्यांचा बघू.

इंग्रज सरकारने हिंदुस्थानात वाघ, बिबटे, लांडगे, साप मारायला बक्षिसं लावली. कातडी दाखवा, पैसे घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या नोंदी तपासल्या. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. मेलेली माणसं आणि गुरं यांचे दरवर्षीचे तक्ते सरकार छापायचं. त्यात कोंबडीला रकाना नव्हता. ज्या बाईची कोंबडी गेली, तिचं नुकसान कुठल्याच कागदावर आलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट मुंगसाची, आणि तिचा धागाही आपल्याच देशाशी आहे. वेस्ट इंडीजमधल्या जमैकात उसाच्या मळ्यात उंदरांनी धुमाकूळ घातला होता. १८७२ मध्ये एस्प्युट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. आधी उंदीर घटले, मुंगसाची वाहवा झाली. मग मुंगसं वाढली आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि लोकांच्या कोंबड्या यांवर त्यांनी मोर्चा वळवला. उंदीर फिरतो रात्री, मुंगूस फिरतं दिवसा, हे आधी कुणी बघितलंच नव्हतं. वीस वर्षांच्या आत तारणहाराचा उपद्रवी प्राणी झाला. तरी १८८३ मध्ये जमैकातूनच हवाई बेटांवर मुंगसं नेली गेली, आणि तिथेही तेच झालं. त्यातल्या कौआई बेटावर मुंगूस रुजलं नाही. आज तिथे कोंबड्या रस्त्यावर मोकाट फिरतात. एका शिकाऱ्याचा काटा दुसऱ्या शिकाऱ्याने काढायला जाल तर बिल कोंबडीच्या नावावर फाटतं, एवढं यातून घ्यायचं.

तिसरी गोष्ट घराजवळची, जुन्नरची. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. लोकांची मागणीच तशी होती. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, या मोहिमेच्या काळात ते सतरापर्यंत गेले. अनोळखी जागी सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतं. पिंजरा गावात आला की सगळ्यांना हायसं वाटतं, पण त्याने प्रश्न मिटत नाही. कोल्ह्या-मुंगसाचंही वेगळं काही नाही. जागा, पाणी, उंदीर, उकिरडा आणि उघडं खुराडं आहे तोवर एक गेला की दुसरा येणारच.

आता त्या ‘औषधा’बद्दल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत गोळी घालणं आहेच, शिवाय विष घालणं, फास लावणं, सापळ्यात पकडणं हेही आहे. मुंगूस, कोल्हा, खोकड, रानमांजर, घोरपड, बिबट्या हे सगळे या कायद्याने संरक्षित आहेत. कावळे, उंदीर, वटवाघळं यांच्यासाठी पूर्वी उपद्रवी प्राण्यांचं एक वेगळं परिशिष्ट होतं. २०२२ च्या दुरुस्तीने तेही गेलं. म्हणजे टपरीवरचं ते वाक्य कुणी अमलात आणलं तर थेट गुन्हा. कायदा बाजूला ठेवला तरी विषाला कोण कुणाचा ते कळत नाही. त्या कोंबडीला आधी तोंड लावणार गल्लीतलं कुत्रं, मग घार, मग शेजाऱ्याचं मांजर. आणि मुंगूस मेलं की त्याच बांधावर उंदीर आणि साप वाढणार, ते वेगळंच.

मग कोंबड्या जाणाऱ्यांनी काय करायचं? त्यांचं दुःख खोटं नाही. मी ज्या घरांत गेलो, तिथल्या बहुतेक कोंबड्या बाईच्या होत्या. जमीन नवऱ्याच्या नावावर, म्हैस सासऱ्याची, कोंबडी तेवढी तिची. तिची अंडी विकून पोराची वही येते, एस.टी.चं तिकीट निघतं, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख मोजल्या गेल्या. २०१२ च्या तुलनेत ही वाढ जवळजवळ ४६ टक्के आहे. कोंबडी वाढली, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या तक्त्यात तिचा रकाना नव्हता, तसा तो आजच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवरही नाही. ग्रामसभेतली मागणी पुरुषांनी केली, ती पिंजऱ्याची. घरी विचारलं तर बायका म्हणाल्या, ‘पिंजरा नको भाऊ, एक चांगलं खुराडं द्या.’

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जुनी घरं गेली, ओटे गेले, त्याबरोबर ओट्याखालची दगडी खुराडी गेली. स्लॅबचं घर आलं, पण त्यात कोंबडीची जागा कुणी काढली नाही. आता ती पत्र्याच्या तुकड्याखाली, फाटक्या जाळीत बसते. आपल्याला वाटतं जनावरं वाढली. वाढली असतीलही. पण दार गेलं, हे आपण मोजतच नाही.

करायचं फार नाही. खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच घ्या. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. साधी कोंबडी जाळी असेल तर निदान खालचा दोन फूट भाग वेल्डमेशने झाका. खुराडं जमिनीवरच असेल तर जाळी फूटभर गाडा किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून वर दगड ठेवा, म्हणजे उकरणाऱ्याला आत येता येत नाही. दोन बोटं जातील ती प्रत्येक फट बुजवा, मुंगसाच्या पिल्लाला आणि सापाला तेवढी पुरते. कडीला खिट्टी घाला. संध्याकाळी उरलेले दाणे आणि अंडी उचला, कारण दाण्याला उंदीर येतो आणि उंदरामागे बाकीचे. लहान पिल्लांवर दिवसा घार आणि शिक्रा येतो, त्यांना डालग्याखाली किंवा जुन्या मासेमारीच्या जाळ्याखाली ठेवा. आणि दिवस मावळायच्या आत दार लावा. रोज. लग्नाला जायचं असलं तरी शेजारणीला सांगून जा.

लोकप्रतिनिधींना एकच सांगणं आहे. कोंबडीची पिल्लं वाटली की फोटो छापून येतो. असे फोटो मीही छापलेत. महिन्याभराने त्यातली किती उरली, हे विचारायला सहसा कुणी जात नाही. पुढच्या वाटपात दहा पिल्लं कमी द्या, पण बचत गटाला वेल्डमेशचा एक रोल द्या. आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘खुराडी’ हा विषय घ्या. हसतील लोक. हसू द्या.

तुमच्याकडे कोंबड्या कशात झाकतात, आणि जुनं दगडी खुराडं कुणाकडे अजून वापरात आहे का? असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. चांगले पाच-सहा जमले की मापं घेऊन सगळ्यांसाठी इथेच टाकतो.